मेल परत येतोय? आयपी ब्लॅकलिस्ट झाला तर काय करायचं

ज्याने आयुष्यात कधी स्पॅम पाठवला नाही, त्याचाही मेल स्पॅमच्या नावाखाली अडवला जातो आणि पुष्कळदा त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मी वडोदऱ्याला मकरपुरा जीआयडीसीत गॅस्केट बनवणाऱ्या एका कारखान्याचं ऑफिस सांभाळते. कोटेशन, टेस्ट सर्टिफिकेट, इन्व्हॉइस, सगळं मेलवर. नंदेसरी, दहेज, अंकलेश्वरच्या केमिकल कंपन्यांतले परचेसवाले ठरल्या वेळेपर्यंत आलेली कोटेशनंच बघतात. आपल्याकडे मेल सेंटमध्ये दिसत असतो आणि तिकडून फोन येतो, "बेन, तमारुं क्वोटेशन तो आव्युं ज नथी." आमच्यावर ही वेळ आली तेव्हा ज्या होस्टिंगवर (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर) आमचा मेल होता, त्याच सर्व्हरवरच्या कुणा तिसऱ्याच वेबसाइटवरून स्पॅम चालला होता. आम्हाला ना त्याचं नाव माहीत, ना गाव.

त्यानंतर आसपासच्या शेडमधले, दांडिया बाजारातले दुकानदार आणि मंडळातली माणसं हाच प्रश्न घेऊन येत राहिली. त्यांना जे तोंडी सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. संगणकाचं शिक्षण लागत नाही. घाई न करता, एकेक पायरी पुरी करून पुढे जायचं, एवढंच पाळा.

आधी या ब्लॅकलिस्ट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या, चालतात कशा ते थोडक्यात. आयपी म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राचा आकडी पत्ता. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची यादी सुरू केली. पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफोर्ड यांनी स्पॅमहाउस सुरू केलं, आणि आज सर्वांत जास्त वजन याच संस्थेच्या याद्यांना आहे. तुमचा मेल समोरच्या सर्व्हरच्या दारात गेला की तो सर्व्हर तुमचा आयपी उलट्या क्रमाने लिहून डीएनएसमार्फत (इंटरनेटची नावं-पत्त्यांची वही) यादीला विचारतो, "हा तुमच्याकडे आहे का?" उत्तर "आहे" आलं तर पुढे काय करायचं ते समोरचा सर्व्हर ठरवतो. म्हणजे यादी स्वतः कुणाचा मेल अडवत नाही, अडवतो तो घेणारा. हे नीट लक्षात ठेवा, कारण कधी यादीवाल्याशी बोलावं लागतं, कधी घेणाऱ्याशी आणि कधी आपल्याच होस्टिंगवाल्याशी. चुकीच्या माणसाला लिहीत बसलं की आठवडे जातात.

हाताशी काय ठेवायचं

- परत आलेला मेल, पूर्ण मजकुरासकट. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.
- डोमेन (मेल पत्त्यातलं अॅटच्या पुढचं नाव) जिथून घेतलं तिथलं लॉगिन (डीएनएस बदलायला लागतं).
- होस्टिंगचा कस्टमर नंबर आणि नोंदवलेला मोबाइल. पुष्कळ ठिकाणी हा मोबाइल वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाचा असतो, आणि तो मुलगा आता पुण्याला नोकरीला असतो. तो नंबर आजच बदलून घ्या.
- ऑफिसच्या राउटरचा पासवर्ड.
- तुमच्या डोमेनच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं त्याची यादी: मेलबॉक्स, टॅली, वेबसाइटचा चौकशी फॉर्म, वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणारी एखादी सर्व्हिस, स्कॅनर.
- एक वही. कुठल्या तारखेला कुणाचा मेल परत आला आणि काय बदल केला, ते लिहायला.

१. परत आलेला मेल शब्द न् शब्द वाचा

"मेलर डीमन" किंवा "मेल डिलिव्हरी सबसिस्टिम" या नावाने जे येतं, ते लोक न वाचता डिलीट करतात. उत्तर त्यातच असतं. तीन आकडी कोड शोधा. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे अडचण तात्पुरती आहे, तुमचा सर्व्हर आपोआप पुन्हा प्रयत्न करत राहील. ५ ने सुरू होणारा म्हणजे मेल नाकारला, प्रकरण संपलं.

५५० च्या पुढे ५.१.१ असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही, तुमचं स्पेलिंग तपासा. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरली आहे. ५.७.१ म्हणजे धोरण म्हणून नाकारला. ब्लॅकलिस्टची शंका इथे घ्यायची. जीमेलकडून ५.७.२६ आला तर तुमची ओळख पटलेली नाही, म्हणून थेट पायरी ७ वर जा. ब्लॅकलिस्टचं ठळक उदाहरण असं असतं: "क्लायंट होस्ट १९२.०.२.२५ ब्लॉक्ड यूझिंग झेन डॉट स्पॅमहाउस डॉट ऑर्ग". या एका ओळीत तुमचा आयपी आणि यादीचं नाव, दोन्ही मिळाली. दोन्ही वहीत उतरवा.

काहीच परत आलं नाही आणि तरी समोरच्याला मेल दिसत नसेल, तर तो बहुधा त्यांच्या जंक फोल्डरमध्ये पडलाय. त्यांना तिथे बघायला सांगा. मिळाला तर "नॉट जंक" करायला लावा. त्याचा पुढच्या मेलना उपयोग होतो.

२. नेमका कोणता आयपी ते ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तुमच्याकडे दोन वेगवेगळे आयपी असतात: एक ऑफिसच्या ब्रॉडबँडचा, दुसरा मेल प्रत्यक्ष पाठवणाऱ्या सर्व्हरचा. लोक गूगलवर "माझा आयपी" शोधतात, तो तपासतात, यादीत दिसला की घाबरतात. तो ब्रॉडबँडचा असतो.

स्पॅमहाउसची पीबीएल नावाची एक यादी आहे. घरगुती आणि बदलत्या आयपींवरून थेट मेल येऊ नये म्हणून ते पत्ते तिच्यात आधीच घालून ठेवलेले असतात. त्यात तुमच्या गुन्ह्याची नोंद वगैरे नसते. तुम्ही आउटलुक किंवा मोबाइलवरून, पासवर्ड देऊन, ५८७ किंवा ४६५ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) मेल पाठवत असाल तर ब्रॉडबँडचा आयपी पीबीएलमध्ये असला तरी काही बिघडत नाही.

खरा आयपी शोधायची सोपी रीत: ऑफिसच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा, तिथे तीन टिंबांच्या मेनूतून "शो ओरिजिनल" उघडा. एसपीएफच्या ओळीत (एसपीएफ म्हणजे काय ते पायरी ७ मध्ये) जो आयपी दिसतो तो तुमच्या पाठवणाऱ्या सर्व्हरचा. पुढची सगळी तपासणी त्याचीच.

एक अपवाद सांगते, कारण निरपराध माणूस यात हमखास भरडला जातो. काही कंपन्यांचे सर्व्हर मेल आणून देणाऱ्या शेवटच्या सर्व्हरवर थांबत नाहीत, तर हेडरमधला (मेलसोबतच्या प्रवासाच्या नोंदीतला) अगदी सुरुवातीचा, म्हणजे तुमच्या ब्रॉडबँडचा आयपीसुद्धा पीबीएलशी ताडून बघतात. पीबीएल अशी वापरू नका असं स्पॅमहाउसचंच सांगणं आहे. परत आलेल्या मेलमध्ये तुमच्या ऑफिसचा आयपी आणि पीबीएल असं दोन्ही दिसलं, तर चूक घेणाऱ्याच्या सेटिंगमध्ये आहे. त्यांच्या आयटी विभागाला नम्रपणे, हेडर जोडून, लिहा.

३. कोणत्या यादीत आहे, आणि ती यादी कशाची

स्पॅमहाउसच्या स्वतःच्या तपासणी पानावर आयपी आणि डोमेन दोन्ही घालून बघा. मग एमएक्सटूलबॉक्सवर बघा. तिथे एकाच वेळी बऱ्याच याद्या तपासल्या जातात. लाल खूण दिसली की छातीत धस्स होतं, पण सगळ्या याद्यांना सारखं वजन नाही.

- एसबीएल (ही आणि पुढच्या दोन याद्या स्पॅमहाउसच्या): माणसांनी तपासून केलेली नोंद. गंभीर. नाव काढायची विनंती आयपीच्या मालकाने, म्हणजे होस्टिंग कंपनीने किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याने करायची असते.
- एक्सबीएल: या आयपीमागे व्हायरस लागलेलं यंत्र आहे असा अर्थ. दुरुस्त करून स्वतः विनंती करता येते.
- डीबीएल: आयपीची नव्हे, डोमेनची यादी. मेलच्या मजकुरातल्या लिंकमुळेही मेल यात अडकतो.
- स्पॅमकॉप: लोकांच्या तक्रारींवर चालते. तक्रारी थांबल्या की साधारण २४ तासांत नोंद आपोआप गळते. काही करू नका, फक्त कारण बंद करा.
- यूसीईप्रोटेक्ट लेव्हल ३: इथे अख्ख्या नेटवर्कलाच यादीत टाकतात. मोठ्या कंपनीचे हजारो ग्राहक, त्यातले काही स्पॅमर, आणि शिक्षा सगळ्यांना. लवकर नाव काढण्यासाठी इथे पैसे मागितले जातात.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या स्पॅमविरोधी संशोधन गटाने अशा याद्या चालवण्याचे नियम आरएफसी ६४७१ म्हणून प्रसिद्ध केले. त्यात नाव काढण्यासाठी किंवा काम लवकर करण्यासाठी शुल्क घेऊच नये, आणि घेणारी यादी वापरू नये, असं लिहिलं आहे. शिवाय तुमचा मेल परत आला तो याच यादीमुळे, असं परत आलेल्या मजकुरात लिहिलं नसेल, तर त्या लाल खुणेने तुमचं अडलेलंच नाही. पायरी १ मध्ये वहीत लिहिलेलं नाव तेवढं धरून चला.

तुमचा मेल गूगल वर्कस्पेस किंवा झोहोवर असेल तर पाठवणारा आयपी त्यांचा असतो. त्याची चिंता त्यांची. तुम्ही फक्त डोमेन तपासा.

४. कारण शोधा आणि बंद करा

कारण बंद न करता नाव काढून घेतलं की दोन दिवसांत पुन्हा लागतं, आणि दुसऱ्या वेळी काढणं जड जातं. कारणं साधारण ठरलेली असतात.

मेलबॉक्सचा पासवर्ड चोरीला जाणं. "कंपनीचं नाव अॅट १२३" असले पासवर्ड चोरट्यांना पाठ असतात. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि एक गोष्ट विसरू नका: सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम बघा. चोर जाताना तिथे आपला पत्ता ठेवून जातात, मग पासवर्ड बदलूनही तुमचे मेल त्यांच्याकडे जात राहतात. बँक खातं बदलल्याचे खोटे मेल ग्राहकांना जातात ते इथूनच.

ऑफिसातलं बाधित यंत्र. हे फक्त कॉम्प्युटर असेल असं धरून चालू नका. आमच्या ओळीतल्या एका वर्कशॉपमध्ये एक्सबीएलची नोंद पुन्हा पुन्हा येत होती. तिन्ही कॉम्प्युटर स्वच्छ निघाले, टॅलीचासुद्धा. शेवटी राउटरचा लॉग उघडला तर २५ नंबरच्या पोर्टवरून रात्रभर बाहेर जोडण्या चालू, आणि त्या करणारा होता जिन्याखालच्या लाकडी खोक्यातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर. वर धुळीचा थर, पासवर्ड कंपनीने दिलेला तोच, आणि बाहेरून मोबाइलवर कॅमेरा दिसावा म्हणून इंटरनेटला सरळ उघडा. त्याचा पासवर्ड बदलला, फर्मवेअर नवं टाकलं आणि राउटरवर २५ पोर्ट बाहेर जायला बंद केला. तुमच्या ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर नसेल तर हे पोर्ट आजच बंद करून टाका. तुमच्या रोजच्या मेलला त्याची गरज नसते.

वेबसाइटचा चौकशी फॉर्म. फॉर्म भरणाऱ्याला "धन्यवाद" म्हणून आपोआप उत्तर जात असेल तर यंत्रं त्यात परक्यांचे पत्ते भरतात आणि तुमच्या नावाने हजारोंना नको असलेला मेल जातो. कॅप्चा लावा किंवा ते उत्तर बंद करा.

जुन्या पत्त्यांची यादी. हे मंडळांना आणि छोट्या संस्थांना खास सांगायचं आहे. गणेशोत्सवाचा कार्यक्रम म्हणून वर्षानुवर्षांच्या सभासदांची फाइल बीसीसीत टाकून एकदम पाठवली जाते. त्यात कुणी नोकरी बदललेली असते, कुणाचा पत्ता हाताने उतरवताना चुकलेला असतो. बंद पडलेले काही पत्ते याद्यावाले सापळा म्हणून वापरतात. तिथे मेल गेला की पाठवणारा पत्ते न तपासता पाठवतो हे सिद्ध होतं. आणि ज्यांना मेल नको असतो ती माणसं संकोचाने कळवत नाहीत, सरळ "स्पॅम" चं बटण दाबतात. जीमेलने तक्रारींची मर्यादा ०.३ टक्के धरली आहे, म्हणजे हजार मेलमागे ३. तेव्हा परत येणारे पत्ते दर वेळी काढा, आणि प्रत्येक मेलखाली "नको असल्यास इथे कळवा" ही ओळ ठेवा.

५. होस्टिंगवाल्याशी बोला

स्वस्त होस्टिंगमध्ये शेकडो वेबसाइट एकाच आयपीवरून मेल पाठवतात. चाळीतल्या एका बिऱ्हाडाने पाणी चोरलं आणि नळ सगळ्या चाळीचा तोडला, अशी ती अवस्था असते. तुमच्या बाजूला पायरी ४ मधलं काहीच सापडलं नाही तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

सपोर्टवाला पहिल्यांदा म्हणेल, "मॅडम, आमच्याकडून सर्व्हर चालू आहे." ते खरंच असतं, आणि त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही. फोनवर भांडू नका, लेखी तिकीट टाका. त्यात चारच गोष्टी: पाठवणारा आयपी, यादीचं नाव, परत आलेल्या मेलचा पूर्ण मजकूर आणि तुमच्याकडे काय तपासून झालं ते. मग स्पष्ट मागणी: स्पॅम पाठवणारं खातं बंद करून नाव काढून घ्या, किंवा आमचा मेल दुसऱ्या स्वच्छ आयपीवरून पाठवा. दोन्हींपैकी काहीच होत नसेल तर वेबसाइट तिथेच राहू द्या आणि मेल एखाद्या वेगळ्या मेल सेवेकडे न्या. छोट्या ऑफिसला मी हाच सल्ला देते, अगदी ब्लॅकलिस्टची वेळ आली नसली तरी.

६. नाव काढायची विनंती

ज्या यादीने अडवलं तिच्याच अधिकृत पानावर जा. "तुमचा आयपी सोडवून देतो" म्हणणाऱ्या एजंटांना काहीही देऊ नका. विनंती एकदाच करा आणि लिहा ते मुद्द्याचं: कारण काय सापडलं, ते कोणत्या तारखेला बंद केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. "आम्ही प्रामाणिक कंपनी आहोत" याचा तिथे उपयोग नाही. "डीव्हीआर बाधित होता, २५ पोर्ट बंद केला" याचा आहे.

आउटलुक आणि हॉटमेल मायक्रोसॉफ्टची स्वतःची यादी वापरतात, म्हणून बाकी सगळीकडे तुम्ही स्वच्छ असलात तरी तिथे अडकू शकता. परत आलेल्या मेलमध्येच त्यांच्या पानाचा पत्ता असतो, तोच वापरा.

७. ओळखपत्रं लावून घ्या

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क. तुम्ही पन्नासच मेल पाठवत असलात तरी तिन्ही लावा.

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची डीएनएसमधली नोंद. एका डोमेनला एकच असते. मेल कंपनी बदलताना जुनी ठेवून दुसरी जोडली की दोन्ही बाद होतात. ही चूक मी सगळ्यात जास्त बघते. तिच्यात दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्याही चालत नाहीत. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही. मेल सेवेच्या पॅनेलमधून किल्ली मिळते, ती डीएनएसमध्ये चिकटवायची. डीमार्क म्हणजे ही ओळख पटली नाही तर मेलचं काय करायचं, ते घेणाऱ्याला सांगणारी नोंद. ती सुरुवातीला "नन" (काही अडवू नका) वर ठेवा, काही आठवडे अहवाल वाचा, टॅली आणि वेबसाइटचे मेल पास होतात ना ते बघा, मगच कडक करा. पहिल्याच दिवशी "रिजेक्ट" लावलं तर स्वतःचीच इन्व्हॉइस अडतील. स्वतःचा सर्व्हर असेल तर त्याच्या आयपीची उलट नोंद, म्हणजे पीटीआर, इंटरनेट कंपनीकडून करून घ्या.

८. तोवर काम कसं चालवायचं

घाबरून नवीन डोमेन घेऊ नका. नव्या डोमेनवर सुरुवातीला कुणाचाच भरवसा नसतो, मेल आणखी अडतो. तातडीचं कोटेशन ग्राहकाला फोन करून, त्याला चालत असेल तर त्याच्या व्हॉट्सअॅपवर पीडीएफ म्हणून पाठवा आणि "मिळालं" असं लेखी उत्तर घ्या. परत आलेला मेल जपून ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ मध्ये मेल "पाठवला" कधी आणि "मिळाला" कधी, हे वेगवेगळं धरलं आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर ज्याला पाठवला त्याच्या ठरलेल्या संगणकात पोचला की तो मिळाला. सेंटमध्ये दिसतोय म्हणजे ग्राहकाला मिळाला, असं म्हणता येत नाही.

९. तुमचाच सर्व्हर दुसऱ्यांना अडवतोय का?

स्वतःचा मेल सर्व्हर असलेल्या कारखान्यांनी हे वाचाच. कुणीतरी वर्षांपूर्वी याद्या घालून ठेवतो, नंतर बघत नाही. ओआरडीबी ही यादी २००६ च्या अखेरीस बंद झाली. तरी लोक तिला विचारत राहिले, म्हणून मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक आयपीला "यादीत आहे" असं उत्तर द्यायला सुरुवात केली. ज्यांनी सेटिंग काढलं नव्हतं त्यांच्याकडे येणारा सगळा मेल अडला. १ जानेवारी २०१५ ला एएचबीएलच्या बाबतीत हेच झालं. सॉर्ब्ज जून २०२४ मध्ये बंद झाली. ही तिन्ही नावं तुमच्या सेटिंगमध्ये शोधा आणि सापडली तर काढा.

दुसरा सापळा जास्त छुपा आहे. सर्व्हरचा डीएनएस ८.८.८.८ सारखा सार्वजनिक ठेवला तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा चूक दाखवणारा कोड पाठवतं. तुमचा सर्व्हर "काहीतरी उत्तर आलं, म्हणजे यादीत आहे" असं समजला तर भल्याबुऱ्या सगळ्यांना दार बंद. चाचणी सोपी आहे: १२७.०.०.२ साठी यादीने "आहे" म्हटलं पाहिजे आणि १२७.०.०.१ साठी "नाही". दोन्हींना "आहे" आलं तर ती यादी त्या क्षणी काढा.

एका यादीच्या शब्दावर मेल फेकू नका. मेलला संशयाचे गुण द्या, यादीची नोंद त्या गुणांमध्ये धरा आणि बाकीच्या खुणा जुळल्या तरच नाकारा. नाकारलाच तर गुपचूप गिळू नका, पाठवणाऱ्याला कारण कळेल असा परत पाठवा आणि त्या संदेशात ऑफिसचा फोन नंबर घाला. "पोस्टमास्टर" या पत्त्यावर येणारा मेल मात्र कुठल्याही यादीने अडवू नका. ज्याचा मेल चुकून अडला आहे, त्याला तुमच्यापर्यंत पोचायला तेवढंच एक दार उरलेलं असतं, आणि ती पेटी रोज उघडून बघायचं काम ऑफिसातल्या एका माणसाच्या नावावर लिहून द्या.